काळा काही जाईना

काळा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी उभा होता, आणि ओवेसला तो आत घालायचा नव्हता.

टेबलावर आता काळा आणि पांढरा एवढेच उरले होते. गुण असे भिडलेले की काळा जो घालेल, त्याची फ्रेम, त्याचाच डाव. ओवेसनं स्टिकला चॉक लावला, एक डोळा बारीक केला आणि बेतानं, केसभर चुकवला. काळा पॉकेटच्या कडेला लागून परत आला.

"अरारा," ओवेस म्हणाला. हळहळ बरी जमली होती.

खोपोलीहून निघतानाच मामूनं कानमंत्र दिला होता. "पोरीचा बाप हाय तो. त्याच्याच टेबलावर त्याला हरवशील तर पोरगी विसर. पण मुद्दाम हरलास ते कळता कामा नाय." एवढं सांगून मामू मोकळा झाला, आणि आता आतल्या खोलीत जेवून सुस्त पडला होता. इकडे ओवेसची पंचाईत. पांढरा बॉल पॉकेटमध्ये ढकलला की फाउल, आणि हार एका झटक्यात पदरात. पण असा फाउल शेंबडं पोरही करत नाही. आणि पोरीचे वडील बद्रुद्दीनचाचा तर तीस वर्षं मुंबईच्या एका जिमखान्यात मार्कर होते. साहेबलोकांचे गुण मांडायचे आणि त्यांनाच खेळ शिकवायचा, यात त्यांचे केस पिकले. निवृत्त झाल्यावर त्यांनी दहिवलीत घराच्या पुढच्या हॉलमध्ये हे टेबल मांडलं होतं.

त्याच हॉलचा एसी दुरुस्त करायला ओवेस एप्रिलात आला होता. चाचांची मुलगी अलफिया वही घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कंप्रेसरला हात नका लावू. मागची वायर सुटलीय." खरोखरच सुटली होती. वायर ओवेसनं जोडली, पण त्याचं स्वतःचं डोकं त्या दिवशी जे सुटलं ते सुटलंच.

मागणी घालायची तर खेळ यायला हवा, हे त्यानंच ठरवलं. कळंबच्या रिसॉर्टवर कामाला गेला की तो तिथल्या पूल टेबलावर हात साफ करून घ्यायचा. लहान टेबल, मोठाली पॉकेटं. दणका दिला की काहीतरी आत जातंच. आपल्याला जमलं, अशा तोऱ्यात तो खोपोलीत स्नूकरच्या टेबलापुढे उभा राहिला आणि त्याची जिरली. टेबल खळ्याएवढं, पॉकेटं मुठीएवढी. पुढचा बॉल कुठून मारायचा ते आधी ठरवायचं आणि मग आत्ताचा मारायचा. पांढरा हवा तिथे थांबवायला शिकण्यातच त्याचे तीन महिने गेले. मुलीसाठी शिकायला घेतलेला खेळ त्याला मुलीइतकाच आवडू लागला. त्यामुळे आता मुद्दाम चुकवताना प्रत्येक वेळी त्याचा जीव कळवळत होता.

आज जेवताना चाचा खुशीत होते. "पूल म्हणजे वडापाव रं, उभ्याउभ्या खायाचा," ते म्हणाले होते. "स्नूकर म्हणजे दम दिलेली बिर्याणी. आन् बिलियर्ड? नुसत्या वासावर पोट भरायचं. ते सगळ्यांना नाय झेपत." मग हात धुता धुता म्हणाले, "मागणीचा जबाब देतो. आधी एक फ्रेम होऊन जाऊ दे."

आता पाळी चाचांची. काळा पुन्हा पॉकेटसमोरच होता. चाचा वाकले, मारला, आणि चुकले.

"हात कापतो रं आता."

वय झालं, असं ओवेसला वाटलं. त्यानंही चुकवला. चाचाही चुकले. पण याच हातानं मघाशी निळा बॉल अख्खं टेबल ओलांडून अलगद पॉकेटमध्ये घातला होता. सहाव्या खेपेला चाचा चुकले, तेव्हा मात्र ओवेसला शंका आली. म्हातारा वेळ काढतोय. खेळ संपला की जबाब द्यावा लागणार, आणि जबाब 'नाही' असणार. भला माणूस आहे. घरी जेवलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणवत नाही.

तेवढ्यात अलफिया चहा घेऊन आली. तिनं टेबलाकडे पाहिलं, बापाकडे जरा रोखूनच पाहिलं आणि कप ठेवून आत गेली. ओवेसकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. उरलीसुरली आशाही संपली. त्याला फार वाईट वाटलं. इतकं वाईट त्याला आजवर कशाचंच वाटलं नव्हतं.

नकारच घ्यायचा, तर निदान खेळाशी खोटं बोलून नको. तो वाकला. हात स्थिर होता. पांढरा सरळ गेला, काळ्याला भिडला आणि जागेवर थांबला. काळा आत पडला.

ओवेसनं स्टिक हळूच टेबलाच्या कडेला ठेवली. "माफ करा, चाचा."

बद्रुद्दीनचाचांनी बाकड्यावर अंग टाकलं आणि रुमालानं मान पुसली.

"सुटलो बाबा एकदाचा! माफी कसली मागतोस? सकाळीच दम भरलाय पोरगीनं मला, 'अब्बा, जावयाला पयल्याच दिवशी हरवलंत, तर गाठ माझ्याशी हाय!'"