उज्ज्वलाच्या भुवया

बबितानं पेन्सिलीनं दुसरी भुवई पुरी केली आणि उज्ज्वलाच्या हातात आरसा दिला.

"बघा ताई. पसंत पडलं की यावरच टॅटूची मशीन फिरवायची. मग पुसलं जाणार नाही."

उज्ज्वलानं आरसा जवळ धरला. दोन बारीक, उंच कमानी. पार्लरच्या भिंतीवरच्या फोटोतल्या बाईला होत्या तशाच. छान होत्या, पण चेहरा कायम दचकल्यासारखा दिसत होता.

बाळंतपणानंतर तिला चाई लागली होती. डोक्यावरचे केस परत आले, भुवया आल्या नाहीत. मलमं झाली, कांद्याचा रस चोळून झाला. ती गेवराई डेपोत कंडक्टर. ड्यूटीवर निघण्याआधी पेन्सिलीनं भुवया काढायच्या आणि दुपारपर्यंत त्या घामाबरोबर गालावर यायच्या. परवा भरल्या गाडीत मागून कुणीतरी ओरडलं, "कंडक्टरबाई, एक भुई मागच्या स्टॉपलाच उतरली काय?" सगळी गाडी हसली. तीही हसली, राहिलेली तिकिटं काढली आणि डेपोत आल्यावर बबिताला फोन लावला.

खुर्चीशेजारी स्टुलावर तिची सासू साखराबाई बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी सुनेच्या तोंडून ऐकलं, तशी मेंढरं लेकाच्या हवाली करून तीही गाडीत चढली होती.

"झालं का बघून?" साखराबाई म्हणाली. "आता पूस अन् चल घरी."

"कावून, आत्या?"

"कावून म्हंजी? शानं मानूस सुईनं तोंड टोचून घेतंय का? एकदा आत गेलं की मेल्यावर बी निघायचं न्हाई."

"तुमच्या कपाळावर हाय की. हनुवटीवर बी हाय."

हनुवटीवरच्या हिरव्या ठिपक्यांवरून साखराबाईनं बोट फिरवलं.

"मला कुणी इचारलं व्हतं का गं? उमापूरच्या बाजारात गोंदणारी आल्ती. मायनं डोकं धरलं, चुलतीनं पाय धरले. मी बोंबलत व्हते अन् बाया म्हनत व्हत्या, गोंदल्याबिगर सासरी तुज्या हातचं पानी कोन पीत न्हाई."

"मला कुणी धरलं न्हाई," उज्ज्वला म्हणाली. "मी माझी आले. रजा टाकून आले."

साखराबाई उठली, खुर्चीपाशी आली आणि सुनेची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"मग ह्या अशा कावून काढल्यात?" तिनं बबिताला विचारलं. "ह्या हिच्या न्हाईत. हिला बघाया गेलते तवा पयल्यांदा मला भुयाच दिसल्या. ह्या जाड, मधी जुळल्याल्या. घरी येऊन सांगितलं, पोरगी दांडगी हाय, आपल्यात टिकल."

"मावशी, जुळलेल्या भुवया आता कोणी ठेवत नाही. सगळ्या बारीक करून घेतात."

"सगळ्यांचं ऱ्हाऊ दे. हिला इचार."

उज्ज्वलानं कापूस ओला केला आणि दोन्ही कमानी पुसून टाकल्या. बबिताच्या हातातली पेन्सिल घेतली आणि आरशात बघत स्वतःच रेघ ओढली. पहिली वाकडी गेली, ती पुसली. दुसरी सरळ आली, जाड. दुसऱ्या बाजूला तशीच. मध्ये आल्यावर पेन्सिल थांबली.

"मधी नको, आत्या. शाळेत पोरी लई चिडवायच्या."

"तुझं तोंड हाय," साखराबाई म्हणाली आणि परत स्टुलावर जाऊन बसली.

बबितानं दोन पावलं मागं होऊन बघितलं. नाखुशीनं मान हलवता हलवता तिला हसू आलं. "शोभतात की. बरं, डोळ्यांना आयलायनर पण करायचं ना? फोनवर म्हणाला होतात. रोजची कटकट जाईल."

दोन्ही करायचं असं ठरवूनच उज्ज्वला घरून निघाली होती. भुवया काढताना रोज तिची चिडचिड व्हायची, हात घाई करायचा. काजळ घालताना मात्र तिनं कधी घाई केली नव्हती. ड्यूटीला उशीर झाला तरी नाही.

"डोळ्यांचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "भुया गेल्या म्हणून करून घेते. काजळ घालायला मला आवडतं."

बबितानं बधिर करायचं क्रीम लावलं. थोड्या वेळानं मशीन गुणगुणायला लागली, तशी साखराबाईनं मान रस्त्याकडे फिरवली.

"दुखतंय का गं?"

"जरासं."

"थांबव म्हनू का तिला?"

"न्हाई."

खपल्या धरल्या, पडल्या. रंग आधी काळाकुट्ट दिसला, मग बसला. डेपोत दोघीतिघींनी निरखून बघितलं, आणि मग त्यांनाही सवय झाली.

महिन्याभरानं एका दुपारी चौसाळ्याच्या थांब्यावर एक बाई चढली. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिकीट घेताना ती उज्ज्वलाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाई, भुया कुठून करून घेतल्या? लई भारी दिसत्यात."

"माझ्याच हायेत," उज्ज्वला म्हणाली, आणि दोरी ओढून दोनदा घंटी वाजवली.