सावलीतली जागा

“मान हलवू नका, बाई!” चित्रकार म्हणाला आणि ओकच्या झाडाच्या सावलीत उभी असलेली थर्झा लाजून हसली. डोक्यावर गव्हाचा भारा, हातात सफरचंद. कापणी झालेल्या शेतात, भर उन्हात वाकून मागे पडलेल्या ओंब्यांचा सरवा वेचणाऱ्या केझियाचा नुसता जळफळाट झाला. म्हणे लंडनच्या श्रीमंतांना भिंतीवर लावायला सरवा वेचणारी बाई हवीय! मग हिलाच काय सोनं लागलंय? नाक तर बघा, बटाट्यासारखं!

सरवा वेचायला तीनच दिवस मिळायचे. सकाळी चर्चची घंटा झाली की बायकांनी शेतात शिरायचं, संध्याकाळची झाली की बाहेर पडायचं. चौथ्या दिवशी मालक शेतात डुकरं सोडायचा. त्या तीन दिवसांत वेचलेल्या ओंब्यांवर केझियाच्या चार पोरांचा हिवाळा निघायचा.

घरी जाताना थर्झा म्हणाली, “काय सांगू बाई! साहेब म्हणतात, तुमचा चेहरा शंभर वर्षं लोक बघतील. पण मेला गुडघा धरलाय गं. उद्या उभं राहवतंय की नाही, कोण जाणे.”

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधीच केझिया रविवारचा झगा घालून ओकखाली हजर!

“थर्झाचा गुडघा सुजलाय, साहेब. मी उभी राहते.”

चित्रकाराने तिला न्याहाळलं. “चालेल. दुपारी सोडतो तुम्हाला.”

दुपारची संध्याकाळ झाली. चित्रातले हात अजून रंगवायचे होते, म्हणून तिसरा दिवसही गेला. केझियाची मान आखडली, पण मनात उकळ्या फुटत होत्या. थर्झा शेतात वेचताना दिसली तेव्हा तिने मुद्दाम हनुवटी आणखी वर केली. जळ म्हणावं आता!

शेवटची घंटा झाली. चित्रकाराने तिच्या हातावर दोन सफरचंदं ठेवली आणि डोक्यावरचा भारा उतरवून मालकाच्या गड्याकडे परत दिला. केझिया शेताच्या कडेला आली. शेत लख्ख झालेलं. एक ओंबी शिल्लक नव्हती. घरी होता तो फक्त पहिल्या दिवसाचा सरवा.

समोरून थर्झा आली. डोक्यावर हा एवढा भारा आणि पावलं झपझप.

“थर्झा, तुझा गुडघा?”

“त्याला काय धाड भरलीय!” थर्झाने भारा सावरला. “दर वर्षी गावात सगळ्यात मोठा भारा तुझा, केझिया. सात वर्षं माझ्या पोटात दुखत होतं गं.”