सात नंबरचं डुक्कर

"कुंपण मी रोज स्वतः फिरून बघते, मॅडम. उंदीरसुद्धा आत शिरणार नाही," मालकीणबाई म्हणाली आणि तिने बादलीतलं खाद्य गव्हाणीत ओतलं. डुकरं एकमेकांच्या अंगावर चढत धावली.

मॅडमने हातातल्या यंत्राकडे पुन्हा एकदा पाहिलं. नोंदी काही बदलल्या नव्हत्या. सात नंबरचं रानडुक्कर या फार्मवर येत होतं. चुकून एकदा नाही, चांगलं रुळल्यासारखं येत होतं.

मॅडमच्या संशोधनाचा विषयच तो. रानातली डुकरं आणि पाळीव डुकरं एकमेकांना कुठे आणि कशी भेटतात, हे शोधायचं. रानात तापाची साथ होती आणि ती अशा भेटींतूनच पसरत होती. म्हणून रानडुकरांच्या गळ्यात नंबर घातलेले पट्टे होते, आणि फार्मवरच्या डुकरांच्या कानात बिल्ले. पट्टा जवळ आला की बिल्ल्यावरचा बारीक दिवा लुकलुकायचा आणि आत नोंद व्हायची. काम तसं सरळ, पण त्यापायी सासरी तिचं नाव 'डुक्करवाली' पडलं होतं. नणंद फोनवर विचारायची, "काय गं, आज कोणाची सोयरीक जुळवलीस?"

या वेळी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. रानडुकराची ये-जा सिद्ध झाली की कळपातलं एकही जनावर जिवंत ठेवायचं नाही, असा नियम होता. उद्या सकाळी पशुवैद्यकीय खात्याचे साहेब येऊन हुकूम काढणार होते.

"संध्याकाळच्या नोंदी आहेत या," मॅडम म्हणाली. "त्या वेळी इथे कोणी असतं का? कोणी काही पाहिलं असेल?"

मालकीणबाई बादली विसळू लागली. "मी एकटीच असते. इथे माणूस फिरकत नाही, तर डुक्कर कुठून येणार?"

नीटनेटकी, हसतमुख बाई. नवरा गेल्यावर हा सगळा व्याप तिने एकटीने ओढला होता. मॅडमला ती पहिल्यापासून आवडायची. बाईच्या हातचा चहा घेतल्याशिवाय तिची सुटका नसे.

"त्या कोपऱ्यातल्या म्हातारीला पिल्लं याच आठवड्यात व्हायची आहेत," मालकीणबाई म्हणाली आणि तिचा आवाज एकदम चिरकला. "तिच्यासाठी तरी नीट बघा हो. यंत्र काय, यंत्रही चुकतं."

मॅडमने म्हातारीच्या कानातला बिल्ला अलगद काढून घेतला. "घरी नेऊन तपासते. बिघडलाही असेल."

घरी आल्याबरोबर तिने जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. बिल्ला उघडला, पुसला, बॅटरी बदलली. दिवा शांत होता. बिघाड काही सापडेना, आणि सापडावा म्हणून ती अगदी जीव तोडून शोधत होती.

तेवढ्यात नवरा क्लबातून आला. तोही याच प्रकल्पावर होता. पट्टे तयार करायचे आणि झिजून रानात गळून पडलेले गोळा करून आणायचे, ही जबाबदारी त्याची. त्यामुळे ऑफिसात सगळे त्याला थट्टेने 'पट्टेवाला' म्हणत. माणूस हुशार, पण विसरभोळा. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा.

"अरे, सात नंबरचा पट्टा गळाला का रे?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही गं. गळाला असता तर माझ्याकडेच आला असता ना." त्याने खांद्यावरची पिशवी खुर्चीत टाकली.

बिल्ल्यावरचा दिवा लुकलुकायला लागला.

"हा तर उगाचच पेटतोय," ती म्हणाली.

"म्हणजे बिघडलाय! मग त्या नोंदींना काय अर्थ? वाचली बिचारी!" तो मनापासून म्हणाला. "मला वाढू नकोस हं, खाऊन आलोय." आणि शीळ घालत तो आंघोळीला गेला.

दिवा लुकलुकतच राहिला. मॅडम त्याच्याकडे बघत बसली. मग तिने उठून एकच ताट घेतलं, आणि तेही तसंच ठेवून दिलं.

सकाळी फार्मच्या छोट्या ऑफिसात साहेब कागद पुढे ओढून बसले होते. मालकीणबाई दाराला टेकून उभी होती. रात्रभर रडली असावी.

"बिल्ला तपासलात?" साहेबांनी विचारलं.

"तपासला. ठणठणीत आहे."

"म्हणजे नोंदी खऱ्या?"

"अगदी खऱ्या."

मालकीणबाईने तोंडाला पदर लावला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

आता मॅडमने फक्त गप्प बसायचं होतं. सही झाली असती, डुकरं गेली असती, चार दिवसांनी फार्मही विकला गेला असता आणि ही बाई कायमची इथून निघून गेली असती. तसंच व्हावं असं मॅडमला एक क्षण फार फार वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. बाहेर म्हातारी मोठ्याने धापा टाकत होती.

"थांबा, साहेब." तिने पर्स उघडली आणि सात नंबरचा पट्टा टेबलावर ठेवला. "हा केव्हाच गळून पडलाय. नोंदी या पट्ट्याच्या आहेत, डुकराच्या नाहीत. या कळपाजवळ एकही रानडुक्कर आलेलं नाही. एकही जनावर मारायची गरज नाही."

मालकीणबाई मटकन खाली बसली आणि तिने हात जोडले.

साहेब पट्टा उलटसुलट करून बघू लागले. "अहो, पण डुकराशिवाय नुसता पट्टा इथवर चालत आला की काय?"

"आला ना," मॅडम मालकीणबाईकडे बघत म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या पिशवीत बसून."