जाहिरातीतला हात

सकाळचे ऊन आधी समोरच्या गच्चीच्या कठड्यावर रेंगाळले, मग सावकाश पानाच्या दुकानावर उतरले आणि तिथे कालच लागलेल्या पत्र्याच्या जाहिरातीवर स्थिरावले. माझ्या खिडकीतून ती स्पष्ट दिसत होती. सिगारेट ओढणारा चेहरा प्रसिद्ध नटाचा होता. हात माझा होता.

छायाचित्र काढताना त्याची बोटे थरथरू लागली, म्हणून स्टुडिओतले दिवे सांभाळणाऱ्या मला त्याच्या पाठीमागून हात पुढे करायला सांगितले होते. हे मी घरीही बोललो नव्हतो. मिरवणे आपल्या स्वभावात नाही, असे मी स्वतःला समजावले होते.

दूध घेऊन परतणारी आई जाहिरातीपाशी थबकली.

"काय रुबाब आहे हिरोचा, काकू," पानवाला म्हणाला.

"हिरो तुझा असेल. ही वाकडी करंगळी माझ्या पोराची आहे. लहानपणी झाडावरून पडला, तेव्हा मीच बांधली होती. सिगारेट ओढतो की काय, ते घरी गेल्यावर बघते."

दुकानापुढची माणसे हसत माझ्या खिडकीकडे वळली. मी हात बाहेर काढला आणि सर्वांना दिसेल असा उंच धरला.

कोणीतरी मला ओळखावे, असे मला पहिल्यापासून वाटत होते.