जिफ

परिपाठात ‘आजचा शब्द’ सांगायला वाळिंबे सर स्वतः उभे राहिले.

“हलत्या चित्राच्या फाइलला जीआयएफ म्हणतात. गेल्या महिन्यात इंद्रायणीने ते ‘जिफ’ असं वाचलं. ‘अगं, ग्राफिक्समधला ग तो, गिफ म्हण!’ म्हणत मी हसलो आणि वर्गही हसला. काल वाचनात आलं, ही फाइल बनवणारा स्वतः जिफच म्हणायचा. चूक माझी होती.”

वर्ग हसला त्या दिवसापासून मुलं इंद्रायणीला ‘जिफी’ म्हणून चिडवत होती. तिने पुन्हा कधी हात वर केला नव्हता.

रांगा पांगल्यावर सरांनी तिला जवळ बोलावलं. “रागावलीस?”

“नाही सर. मला तेव्हाच माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस, बाळा?”

ती बुटांकडे बघत म्हणाली, “सगळे तुम्हाला हसले असते ना.”