पत्र्याचे आडोसे

शमुवेलमास्तरांच्या उजव्या करंगळीवरून रक्ताचा एक थेंब घरंगळला, नखाच्या टोकाशी थांबला आणि मग फटफटीच्या टाकीवर पडला. मास्तर नट आवळत राहिले.

रॉकेलचा डबा कापून त्यांनी वाऱ्यासाठी दोन आडोसे केले होते, हँडलच्या मुठींपुढे बसवायला. मिशनच्या शाळा तपासत शिरूर ते दौंड फिरायचं, आणि पहाटे भीमेच्या पुलावरचा वारा बोटं गोठवून टाकतो, असं ते नाताळापासून सांगत होते.

"घोड्याला झापडं बांधल्यावानी दिसतंय, मास्तर," हँडल धरून उभा असलेला शेजारचा हौसराव म्हणाला. "आता फटफटी बुजायची न्हाई." मग त्याची नजर टाकीवर गेली. "आवं, रगात! पत्रा लागला की!"

मास्तरांनी हात उलटा करून पाहिला. "थंडीनं बधिर झालीत रे बोटं. म्हणून तर हा खटाटोप."

त्यांची बायको राहेल पायरीवर उभी होती. दुपारचे बारा वाजले होते. फटफटीची सीट उन्हानं हात लावू देत नव्हती.

दर गुरुवारी राहेल दौंडला महारोग्यांच्या तपासणीत नर्स म्हणून काम करी. रोग्याला डोळे मिटायला सांगायचं, कातडीला कापसाचं टोक लावायचं, कुठं लागलं ते त्यानं बोटानं दाखवायचं. मास्तरच तिला फटफटीवरून नेत आणि काम संपेपर्यंत दाराशी थांबत.

मास्तरांच्या मनगटाजवळचा फिकट चट्टा तिनं नाताळाच्या आधीच पाहिला होता. तेव्हापासून तिच्या पदराच्या गाठीत कापूस होता. पण एकदा महारोग्यांच्या कागदावर नाव चढलं, की त्यांचं पोरांसमोर उभं राहणं संपलं. थंडीचं कारण तिलाही पुरत आलं होतं.

"हलंना आता," हौसरावानं आडोसा हिसकून पाहिला. "चला, भाकरी वाट बघतीय." तो गेला.

मास्तर फटफटीवर बसले. दोन्ही हात पत्र्यामागे ठेवून तिच्याकडे पाहत म्हणाले, "उद्या बघ, बोटं कशी उबदार राहतात."

राहेल पायरी उतरली. त्यांचा उजवा हात आडोशामागून काढून तिनं आपल्या तळहातावर घेतला. रक्त पुसलं. मग पदराची गाठ सोडली.

मास्तरांनी कापसाकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "डोळे मिटा."