तिसऱ्या रविवारी

मी लिहिलेल्या नऊही ऐतिहासिक कादंबऱ्यांत लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचतात आणि तिसऱ्या रविवारी पाळक शेवटचं विचारतात, "कोणाची हरकत?" तेवढ्यात नायक घोड्यावरून दारात येतो.

आज आमच्या चर्चमध्ये एकोणीस वर्षांच्या एस्तेरचं, माझ्या भाचीचं नाव तिसऱ्यांदा वाचलं. नवरा कन्हानचा पंचेचाळिशीचा विधुर ओव्हरसियर. ती गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसून रडत होती.

"कोणाची हरकत?"

दारात कोणीच नव्हतं. मी उठले. "माझी! पोरीले हे लग्न नको आहे."

"खाली बस वं!" माझा भाऊ, एस्तेरचा बाप, खेकसला.

पाळकसाहेब हसले. "बाई, ही तुमची कादंबरी नाही."

"म्हणूनच उठली मी! कादंबरी असती तं घोडा पाठवला असता!"